स्टेशनाबाहेरचा रस्ता

बुधवारी सकाळी काकूंनी गार्डकाकांच्या हातून चहाची कपबशी घेतली आणि विचारलं, "आवं गार्डसाहेब, रहिमतपूर कवा यील?"

काकांनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "आजून येळ हाय. बसून घ्या."

त्या वेळी मी त्यांच्या दारात उभी होते. वाचून झालेलं वर्तमानपत्र मी रोज त्यांना द्यायची. काकू खुर्चीत बसून चहा प्यायल्या. काका स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. लग्नाला चाळीस वर्षं उलटून गेल्यावर बायकोने नवऱ्याला गार्डसाहेब म्हटलं होतं, आणि नवऱ्याने गार्डासारखं उत्तर दिलं होतं. मी वर्तमानपत्र खिडकीत ठेवून घरी परतले.

माधवनगरला आमची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. सांगलीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होते. माझ्या निवृत्तीनंतर काकांची ओळख वाढली. ते पॅसेंजर गाडीचे गार्ड होते. गाव कोरेगाव तालुक्यातलं, भाऊबंद शेतीत आणि पलटणीत, हे एकटेच रेल्वेत. मिरज ते पुणे आणि पुणे ते मिरज असं त्यांचं सगळं आयुष्य शेवटच्या डब्यात गेलं. आता गार्डांना मॅनेजर म्हणतात, हे कळलं तेव्हा ते हसले होते. "मॅनेज काय करायचं असतं त्यात? मागं बगत बसायचं."

त्यांच्या मनगटावर घड्याळ नाही असं मी त्यांना कधी पाहिलं नाही. दूध सहा सतराला आलं, वीज नऊ बावीसला गेली, असं ते बोलत. पण यामागे आढ्यता नव्हती. एकदा मी विचारलं, गाडी नक्की केव्हा येणार हे तुम्हालाच माहीत नसायचं, तेव्हा लोकांना काय सांगायचा? ते म्हणाले, "प्रवाशाला 'ठावं न्हाई' म्हनायचं न्हाई, ताई. त्याचा जीव आदीच वर आसतो. येळ हाय, बसून घ्या म्हनायचं. येवढ्यानं बी मानूस बसतो." हे ते मला त्या बुधवारच्या कितीतरी आधी म्हणाले होते.

निवृत्तीनंतर कुणा ओळखीच्या इंजिनिअराने त्यांना एक जुनी छोटी आगगाडी दिली. इंजिन वीतभर, डबे वीतभर, रुळांची रुंदी दीड बोटाची. पुढच्या खोलीत दारांच्या दोन फळ्या जोडून त्यांनी टेबल केलं आणि त्यावर रूळ टाकले. खरी गाडी सत्त्याऐंशी पटीने लहान केली की ही गाडी होते, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी समजावलं. त्या मापात माणूस अंगठ्याच्या नखापेक्षा जरासा उंच. "इंजान कुनी बी इकत आनतं," ते म्हणायचे. "गाडी जाती कुठनं, त्याला किंमत हाय."

आणि गाडी जायची ती परक्या मुलखातून. अशा गाड्यांसोबत जी झाडं, घरं, माणसं मिळतात ती बाहेरच्या देशांतली. सूचिपर्णी झाडं, उतरती तांबडी छपरं, बर्फ. काकांनी वर्षभर तो बर्फ सहन केला. मग त्यांनी आपलं सामान स्वतः करायला घेतलं. जुन्या मोटारीतली तांब्याची तार पिळून बाभळीचं खोड केलं. पलीकडच्या गल्लीतल्या पाटील अण्णांचे यंत्रमाग होते. मागांखाली साचणारा कापसाचा भुरा हिरव्या रंगात बुडवून, वाळवून, तारेवर चिकटवला की पानं होत. वापरलेली चहापूड उन्हात वाळवली की शेतातली काळी माती. वीट कुटून चहाच्या गाळणीने चाळली की रुळांमधली खडी. झाडूच्या काड्या कापून, त्यांना कागदाची पाती लावून त्यांनी ऊस उभा केला, तुरे आलेला.

अण्णा आले की म्हणायचे, "काय गार्डसाब, आमचा कचरा न्हिऊन बाग फुलवलीत की. आमाला एक आंबा तरी द्या."

"आंबा करतो," काका मान वर न करता म्हणायचे. "पर त्यो सत्त्याऐंशीत एक यील. चष्मा लावून खावा लागंल."

पुण्यात अशा गाड्यांचा नाद असलेल्या लोकांचं एक मंडळ आहे. त्यांच्यापैकी कुणीतरी काकांचा ऊस पाहिला आणि मग ठिकठिकाणाहून मागणी येऊ लागली. काका मिठाईच्या खोक्यात कापूस घालून त्यात बाभळी, उसाचे फड, दुधाच्या किटल्या, पाण्याचे रांजण बसवायचे. पत्ता मी लिहायची, कारण त्यांचं अक्षर हेलकावणाऱ्या डब्यात घडलेलं होतं.

मंडळाकडून दर महिन्याला त्यांच्या फोनवर नव्या सामानाचे फोटो येत. खरोखर पेटणारे दिवे, बाकावर बसलेली माणसं, सायकली, कुत्री. काका भिंग घेऊन एकेक न्याहाळत बसायचे. "ही बाई बगा. डोक्याला टोपडं, हातात छत्री. हिला न्यायाला रहिमतपूरला कोन यील?" तरी त्यांनी त्यातले प्रवाशांचे दोन संच मागवले. कानशीने हॅटा घासून काढल्या, भिंतीला भरायच्या पांढऱ्या लांबीचा थेंब ठेवून गांधी टोप्या केल्या. बायकांना पतंगाच्या कागदाची लुगडी नेसवली. घोडे आले ते जाड पायांचे होते. चार दिवस पाय घासून काकांनी ते आपल्याकडच्या टांग्याचे केले.

नवं काही नवं दिसू द्यायचं नाही, हा त्यांचा एक हट्ट होता. मी एकदा दुधाची किटली रंगवून दिली. त्यांनी ती उन्हात धरली. "लय झ्याक झालीया. पर हिच्यातनं दूध कवा गेलेलंच न्हाई." मग त्यांनी काडीच्या टोकाने तळाशी गंजाचा ठिपका लावला, कडेला एक पोचा पाडला. ती किटली मला अजून ओळखता येते.

काकूंचं विसरणं हळूहळू वाढत होतं. मीठ दोनदा पडायचं, मग पडायचंच नाही. मुलीचं नाव, गल्ली, वार सुटत गेले. माहेर तेवढं राहिलं. काकू रहिमतपूरच्या. दुपारी त्या पिशवीत एक लुगडं भरून दारात येऊन बसत. "आईकडं जायचंय," म्हणत. आई जाऊन पंचवीस वर्षं झाली होती. भावाने घर विकून मुंबई गाठली होती. हे सांगितलं की काकूंना आई नव्याने गेल्याचं कळे आणि त्या नव्याने रडत. तीनचार वेळा असं झाल्यावर काकांनी सांगणं बंद केलं.

त्या बुधवारनंतरच्या आठवड्यात काका त्यांना खरोखरच रहिमतपूरला घेऊन गेले. मीही सोबत होते. माधवनगरला गाडीत बसल्यापासून काकू खूश होत्या. भिलवडी, किर्लोस्करवाडी, कऱ्हाड ही नावं त्या गाडी थांबायच्या आधीच घेत होत्या. रहिमतपूरला आम्ही उतरलो. मार्ग आता दुहेरी झाला आहे, वर विजेच्या तारा आहेत, फलाट उंच आणि फरशीचा आहे. काकूंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग काकांचा हात झटकला.

"हे न्हवं," त्या म्हणाल्या. "मला भलत्याच ठिकानी उतरवलंसा."

काकांनी पाटीकडे बोट केलं. त्यांनी पाटी वाचली. "पाटी कुनी बी लावतंय," त्या म्हणाल्या आणि बाकावर बसून राहिल्या. परतीची गाडी येईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. गाडीत त्या काकांशी बोलल्या नाहीत. उतरताना माझ्या कानात म्हणाल्या, "ह्या गार्डाची तक्रार कराय पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर टेबल मोकळं होतं. सूचिपर्णी झाडं, डोंगर, पूल सगळं एका पोत्यात भरलेलं. काका उघड्या फळीवर पेन्सिलीने रेघा मारत होते. "जुनं रहिमतपूर करतो, ताई. जसं हुतं तसं. बसल्या जागी हिला न्हेतो."

चार महिने ते काम चाललं. एवढ्या निगुतीने केलेलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही. बुटका फलाट, त्याची खचलेली कड. घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. गळका नळ आणि त्याच्याखाली शेवाळाचा डाग. दिव्यांची खोली, तिच्या कौलांवर काजळी. फलाटाच्या मिरजेकडच्या टोकाला खडीचा ढीग आणि त्यावर झोपलेलं कुत्रं. पिवळ्या पाटीवरची अक्षरं मी लिहिली, कुंचल्याचे केस कापून दोनच ठेवले होते. चौथ्यांदा ती त्यांना पटली. हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं, एकही फोटो नव्हता.

काकूंना त्यांनी एका दुपारी तिथे आणून बसवलं. अण्णाही आले होते. काकांनी गाडी सोडली. ती उसातून आली, हळू झाली, फलाटाला लागली. काकू पुढे वाकल्या. नळाकडे, कुत्र्याकडे, घंटेकडे त्यांनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा सैलावला. मला वाटलं, झालं. मग त्यांचं बोट फलाटामागच्या कुंपणावरून फिरू लागलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलं, परत आलं.

"आन् भायेर जायाला वाट कुठाय?" त्यांनी विचारलं. "आई कुठनं यील?"

कुंपण सलग होतं. एवढ्या स्टेशनाला बाहेर पडायला फाटक नव्हतं. काकूंनी पिशवी मांडीवर घेतली आणि रडायला लागल्या, कोंडलेल्या माणसासारख्या.

त्यांना झोपवून काका बाहेर आले तेव्हा अण्णा गेले होते. "ईस-बावीस वर्सं त्या स्टेशनातनं जात हुतो, ताई," ते म्हणाले. "आटवड्यातनं चार येळा. दोन मिंटं थांबायचं, झेंडी दावायची, निगायचं. एकदा बी भायेर पडलो न्हाई. फाटक हाय का न्हाई हे माझ्या ध्यानातच न्हाई."

"सासरी कधी गेलाच नाहीत?"

"लग्नाला गेलो, ट्रकनं. मागनं एकदोनदा यस्टीनं, रातचं जाऊन पाटंचं परत. सासू गेली तवा हिला माज्याच गाडीनं न्हेली. फुडच्या डब्यातनं उतरली. पोरगी काखंत. मी झेंडी दावली. तितनं ती कशी गेली, कोन आलं हुतं न्यायाला, मला ठावं न्हाई."

'ठावं न्हाई' हे त्यांनी स्वतःबद्दल म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

काकूंना आता त्या टेबलाशी आणलं की त्या कुंपणावर बोट फिरवत आणि अस्वस्थ होत. म्हणून काकांनी कुंपण कापून फाटक केलं. पण फाटकाच्या पलीकडे नुसती फळी होती. त्या पलीकडचं सगळं एकट्या काकूंच्या डोक्यात होतं आणि तिथून ते रोज थोडं थोडं गळत होतं. ते संपायच्या आत रस्ता काढून घ्यायचा होता.

आमच्या कॉलेजात संगणक आला तेव्हा पुस्तकांच्या नोंदींची कोरी कार्डं मी घरी आणली होती. काकू रस्त्याबद्दल काही बोलल्या की मी ते एका कार्डावर लिहायची, एका कार्डावर एक वाक्य. काका म्हणाले, येळ बी टाका, म्हणून वेळही टाकायची. ती कार्डं माझ्याजवळ आहेत. "भायेर आलं की डाव्या अंगाला टांगं." "म्हादूचा घोडा पांढरा. पर पांढरा म्हंजे मळका." "मोरीखालनं पानी जातं, तितं पाय धुवायचं, न्हाईतर आई घरात घेत न्हाई." "चिंचंखालच्या कट्ट्यावर बसायचं न्हाई, मुंग्या हायेत."

"मुंगी कशी करू आता?" काका म्हणाले. त्यांनी कट्टा केला, रस्त्यावर माणसं बसवली, आणि त्या एका कट्ट्यावर कुणालाच बसवलं नाही.

विचारून काही मिळत नसे. 'पुढे काय होतं?' असं म्हटलं की काकू घाबरत, परीक्षेत अडकल्यासारख्या. म्हणून काका नुसते जवळ बसून काम करत. कधी मुद्दाम चूक करत. टांगा उजवीकडे ठेवला की काकू चिडून म्हणत, "आवं, तितं न्हवं," आणि एक कार्ड मिळे. काही दिवस काहीच मिळत नसे. काही दिवस एकाच वाक्याची पाच कार्डं होत.

विहिरीचा घोळ झाला. सोमवारी काकू म्हणाल्या, विहीर देवळाच्या अलीकडे. गुरुवारी म्हणाल्या, देऊळ झालं की विहीर. मी दोन्ही कार्डं समोर ठेवली. माझी सवयच अशी, एका पुस्तकाची एकच जागा असते. काकूंच्या चुलत बहिणीचा नंबर माझ्याकडे होता. मी म्हटलं, एक फोन करते, लगेच कळेल.

"नगो," काका म्हणाले. "खरी कुटं हाय ती त्या गावाला ठावं. मला हिची हीर पायजे."

"मग यातली कुठली करणार?"

"दोन्हीकडं करतो."

आणि त्यांनी दोन विहिरी केल्या, दोन्हींना रहाट, दोन्हींच्या काठावर कळशी. स्टेशनाच्या कौलाची एक ओळ चुकली म्हणून आठ दिवसांचं काम उखडणारा हा माणूस. मी दोन्ही कार्डं एकाखाली एक लावून ठेवली.

रस्ता लांबत गेला. गाव स्टेशनापासून बरंच आत आहे, आणि काकूंच्या आठवणीत ते आणखी आत होतं. टेबल संपलं, मग स्टुलांवर फळ्या टाकल्या. रस्ता पुढच्या खोलीतून उंबऱ्यावरून मधल्या खोलीत गेला. त्या दाराची कवाडं पुन्हा लागली नाहीत. अण्णा वाकून फळीखालून जात म्हणाले, "गार्डसाब, आता कोरेगावला जोडताय काय? सरकारला तरी कळवा."

"जमीन घ्याय लागंल," काका म्हणाले. "तुमच्या मागांच्या शेडातनं जातोय रस्ता."

अण्णा हसले. मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "बाई, ह्यास्नी वाईच झोपाय सांगा." काका वाळले होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायचं, भिंगामुळे असं ते सांगत.

शेवटी घर आलं. घर सोपं होतं, मातीच्या भिंती, पत्रा, पुढे सारवलेलं अंगण. काकूंनी ते एका वाक्यात सांगितलं होतं. पण त्याच कार्डावर पुढे होतं, "आई दारात आसती." आणि काकूंच्या आईचा फोटो नव्हता.

काकांनी आलेल्या संचातली एक बाई घासूनपुसून, लुगडं नेसवून दारात उभी केली. काकू म्हणाल्या, "ही कोन?" दुसरी त्यांनी तारेची केली. "आई येवढी वाळकी न्हाई," म्हणत काकूंनी ती बाजूला सारली. त्यानंतर आठ-दहा दिवस काम थांबलं. काकूंची वाक्यंही आता कमी झाली होती. त्या आठवड्यात एकच कार्ड आहे आणि त्यावर नुसतं "टांगा" लिहिलेलं आहे.

मग एका सकाळी भाजीवाली आली. काकू उठून दारात गेल्या. एक हात चौकटीवर, दुसरा कमरेवर, डावा पाय जरा पुढे. भाजी घ्यायची असते हे त्या विसरल्या होत्या, पण उभं राहायचं कसं ते त्यांच्या अंगाला ठाऊक होतं. काका हातातलं ठेवून बघत राहिले. नंतर मला म्हणाले, "सासूचा फोटो न्हाई म्हनून बसून ऱ्हायलो हुतो, ताई. फोटो दारात हुबा हुता."

तिसरी बाई त्यांनी दोन दिवसांत केली. काकूंनी तिच्याकडे पाहिलं आणि "आई" म्हणाल्या, आपण समोरच्या माणसाला ओळखून नाव घेतो तसं.

ही त्याच दुपारची गोष्ट. काकू उठल्या आणि टेबलापाशी गेल्या. त्यांनी बोट फलाटावर टेकवलं. फाटकातून बाहेर आल्या. टांग्यापाशी थांबल्या, पण बसल्या नाहीत, चालत निघाल्या. रस्त्याखालच्या मोरीपाशी बोट पाण्याच्या जागी ठेवून दोनदा हलवलं, पाय धुतले. चिंचेचा कट्टा टाळला. पहिली विहीर, देऊळ, दुसरी विहीर. काका त्यांच्यासोबत फळीच्या दुसऱ्या बाजूने चालत होते, उंबऱ्यावरून मधल्या खोलीत. मी कोपऱ्यात उभी होते. बोट अंगणात आलं आणि दारातल्या त्या नखाएवढ्या बाईशेजारी थांबलं.

मग काकूंनी मान वर केली. समोर काका होते.

"पोचले मी," त्या म्हणाल्या. "तुमी जावा आता. गाडी खोळंबली आसंल."

काका म्हणाले, "बरं."

ते वळले आणि पुढच्या खोलीत जाऊन रुळांपाशी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

त्या दिवसानंतर काकूंनी पिशवी भरली नाही. दारात बसल्या नाहीत. रडणंही थांबलं. शांतपणे जेवत, झोपत. काकांशी सभ्यपणे वागत, चहा दिला की "लय उपकार झालं" म्हणत. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, तुम्ही स्वतःलाही करायचं होतं. त्यांच्या शेजारी, अंगणात."

ते भिंग पुसत होते. "मला कुटं ठेवनार, ताई?" ते म्हणाले. "मी तितं कवा न्हवतोच."

आयुष्यभर मी पुस्तकांच्या जागा ठरवल्या. या माणसाची जागा मला सांगता आली नाही.

पुढचे सातआठ महिने ते काकूंचं सगळं करत होते. न्हाणं, वेणी, गोळ्या, सगळं घड्याळाप्रमाणे. मंडळाकडून नव्या सामानाचे फोटो येत होते, ते उघडून पाहत नसत. बाभळीची मागणी आली तर म्हणत, संपल्या. एका गुरुवारी अंघोळ करून ते बाहेर आले, पलंगावर बसले आणि दारात आलेल्या अण्णांच्या माणसाला मला बोलवायला सांगितलं. मी आले तेव्हा ते बोलू शकत होते. "हिचं नऊ चाळीसचं औशीद," म्हणाले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

त्यांची मुलगी पुण्याहून आली. घर माणसांनी भरलं. काकू खुर्चीत बसून सगळ्यांकडे पाहत होत्या. कुणीतरी त्यांच्या गळ्यात पडून रडलं, तेव्हा त्या त्या बाईची पाठ थोपटत राहिल्या.

मुलगी मला मावशी म्हणते. तेराव्यानंतर ती म्हणाली, "मावशी, आईला मी नेते. पण हे सगळं फ्लॅटमध्ये कुठे ठेवू?" मी म्हटलं, माझ्याकडे राहू दे. अण्णांच्या मागांवरची चार माणसं आली आणि फळ्या एकेक करून माझ्या घरी आल्या. स्टेशन पुढच्या खोलीत आहे, गाव मधल्या. माझंही मधलं दार आता लागत नाही. दर शनिवारी मऊ कुंचल्याने मी धूळ काढते. उसाचे तुरे थोडे झडले आहेत, ते मला लावता येत नाहीत.

पुण्याच्या मंडळाचे दोघं येऊन गेले. त्यांनी खूप फोटो काढले. एवढं बारीक काम आपल्याकडे कुणी केलेलं नाही, असं म्हणाले. त्यांतल्या एकाने विचारलं, विहिरी दोन कशा? मी सांगितलं, त्या रस्त्याला दोन आहेत.

मी दर रविवारी काकूंच्या मुलीला फोन करते. काकू आता आम्हाला कुणालाच ओळखत नाहीत. आईचं नाव काढत नाहीत, रहिमतपूरचंही नाही. रोज दोन्ही वेळा ताट समोर आलं की घास घ्यायच्या आधी मुलीला विचारतात, "ह्यास्नी वाढलं का?"

मुलगी हो म्हणते. मग त्या जेवतात.